सोडतीतलं नाव

सालाइलुआ, सवाई बेट
४ मार्च २००५

चि. पेलेनिसे हिस फुआतिनोताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं खोकं परवा बोटीने पोचलं. आईने निळा झगा रविवारी घातला आणि प्रार्थना संपल्यावर पाऊण तास चर्चच्या दारातच उभी राहिली, कोणी विचारायचं राहून जाऊ नये म्हणून. तिची औषधं मी देते, पाठ मी चोळते, आणि गावभर नाव तुझं. असू दे. माझ्यासाठी साबण होता, तो मिळाला.

दुकानातल्या फोनवर सगळं गाव कान लावून असतं, म्हणून पत्र. यंदाही न्यूझीलंडमध्ये कायमचं राहू देणाऱ्या सरकारी सोडतीत नाव घातलं आहे. ही अकरावी खेप. पंचेचाळिशीनंतर नाव घेत नाहीत, म्हणजे माझी ही शेवटची. तू मात्र मावशीच्या मयताला म्हणून तीन आठवड्यांच्या व्हिसावर गेलीस. सहा वर्षं झाली, मयत अजून उरकलेलं दिसत नाही.

रेडिओवर एक बाई म्हणत होत्या, की मुदत संपूनही राहणारे लोक रांगेत उभं राहणाऱ्यांचा हक्क मारतात. मी मान डोलावली. योसेफो माझ्यावरच चिडला. म्हणाला, अळवावर रोग पडला तेव्हा वाडीत एक कंद उरला नाही, पगाराची नोकरी म्हणजे शाळा नाहीतर चर्च; जागा अकराशे आणि माणसं हजारो, मग लोक जातील नाहीतर काय करतील? मी विचारलं, मग मी का नाही गेले? त्यावर नवरा कोयता उचलून वाडीत निघून गेला.

आईपुरता राखलेला लोभ थोडा इकडेही वळव.
तुझी ताई,
फुआतिनो

ऑकलंड
२९ मार्च २००५

ती. फुआतिनोताईस पेलेनिसेचा सा. न. वि. वि.

टोमणा नेमका बसला. साबणाबद्दल खरंच चुकले.

ताई, मी इथे वृद्धांच्या इस्पितळात, धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. दाढ दोन महिने ठणकते आहे, पण दवाखान्यात नाव-पत्ता लिहावा लागतो, म्हणून लवंग धरून बसते. दारावर थाप पडली की श्वास रोखते, शेजारीण मीठ मागायला आली असली तरी. बाबा गेले तेव्हा तू त्यांना आंघोळ घातलीस, अंगाला खोबरेल लावलंस. त्या दिवशी मी कामावर होते. आले असते तर परत जाता आलं नसतं, आणि मयताला रीतीप्रमाणे द्यायच्या चटया आणि डुकरं माझ्या पगाराशिवाय कुठून आली असती ते तुला ठाऊक आहे.

तुला माझा हेवा वाटतो हे वाचून आधी हसू आलं, मग इतका राग आला की पत्र फाडणार होते. तू रोज आईशेजारी बसून जेवतेस. मला नारळाच्या दुधातली अळूची पानं दिसली की घास उतरत नाही.

आमच्याही रेडिओवर तोच वाद चालतो. बोलणाऱ्यांच्या आयांच्या चादरी कोण धुतं, एवढं मात्र कोणी विचारत नाही. तुझं नाव निघालं तर नोकरीचं पत्र लागेल. ते माझ्यावर सोड.

रागावलीस तरी आशीर्वाद थांबवू नकोस.
तुझी,
पेलेनिसे

सालाइलुआ
१६ ऑगस्ट २००५

चि. पेलेनिसेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाव निघालं हे तुला कळलंच आहे. तू पाठवलेलं नोकरीचं पत्र घेऊन मी काल बोटीने जाऊन आपियाच्या न्यूझीलंड कचेरीत मुलाखत देऊन आले. आता जे लिहिते ते नीट वाच.

अर्जात एक रकाना होता : न्यूझीलंडमधली भावंडं आणि त्यांचे पत्ते. सगळे तो कोरा सोडतात, असं बाहेर बाकावर बसलेल्या बाईने मला हळूच सांगितलं होतं. मी तुझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, ठळक अक्षरात. खोटं लिहू नये म्हणून लिहिलं, असं पास्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर केलंस. पण पेलेनिसे, ते खरं नाही. मी निघताना आई म्हणाली होती, की आता पेलेनिसे एकटी राहणार नाही. मी गेल्यावर तिचं स्वतःचं कसं होईल, याबद्दल एक शब्द नाही. आईचं ते बोलणं मनात धरून मी लिहिलं.

तुझा पत्ता आता त्यांच्या हातात आहे, ते तुला न्यायला येतील. ते घर सोड. हे पत्र मिळताच सोड.

आशीर्वाद मागायचा अधिकार आता माझा नाही.
फुआतिनो

सालाइलुआ
२० नोव्हेंबर २००५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू विमानात बसण्याआधी नऊ दिवस आपण एका छपराखाली होतो. भांडी घासली, चटई वाळवली, पण दोघींनी तो विषय काढला नाही. समोर जमलं नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मला वेळेत मिळालं होतं. अधिकारी दारात येण्याआधी चार दिवस हातात होते. मी घर सोडलं नाही, आणि त्यांनी मला धरून परत पाठवलं. मी नाहीशी झाले असते तर तुझ्या अर्जावर कोणी तरी बोट ठेवलं असतं. शिवाय धुलाईघरात जागा एकच होती, माझी. मीच मुकादमीणबाईंना म्हटलं होतं, की नाताळला मी घरी जाते, माझ्या जागी ताईला घ्या; तुझं नोकरीचं पत्र त्याच जागेचं. तशी नाताळला स्वतःहून निघाले असते तर पुढे कधी पाहुणी म्हणून तरी येता आलं असतं. आता पाच वर्षं दार बंद. हे लिहिते, कारण तुला ते माहीत असायला हवं. मी मोठ्या मनाची नाही. मला राग आहे, आणि तो राहील.

दाढ आपियात काढून घेतली. आई बरी आहे. पण ती सकाळी उठली की फुआतिनो म्हणून हाक मारते. मी पेलेनिसे आहे असं सांगितलं की हिरमुसते आणि ताट सरकवते. म्हणते, औषध फुआतिनोच देते. सहा वर्षं मी घरी यायला तडफडले, आणि घरात अजून तूच आहेस. तुझा इतका हेवा मला तिकडे कधी वाटला नव्हता.

गेला आठवडाभर मी तिला दुरुस्त करत नाही. ती हाक मारते, मी ओ देते, आणि मग ती जेवते.

जमेल तसा लोभ ठेव, मीही तेवढाच ठेवते.
पेलेनिसे