समाधानी ग्राहकाचा चौकोन

तीर्थस्वरूप आत्यास,

दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता लांबूनच साष्टांग नमस्कार. औषधं वेळेवर घेतेस ना (घेत नसशील, पण विचारायला हवं), आणि आतोबांची कवळी सापडली का? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे परवापासून ठीक आहे. माझी नोकरी वाचली, आणि ती कशी वाचली हे तुला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुला माहीतच आहे, मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात आहे (तुझं मशीन मीच तुझ्या गळ्यात मारलं). मागे साहेबांनी ग्राहकांशी बोलायला एक हुशार चॅटबॉट बसवला होता. तो मनानेच उत्तरं द्यायचा आणि बोलता बोलता वाहवत जायचा. एका गृहस्थांचा मोजा हरवला, तर याने त्यांना नवीन मशीन कबूल केलं. एका बाईंना कळवलं, की आमचे साहेब जातीने येऊन चादरी पिळून देतील. (बाई चादरी भिजवून वाट बघत बसल्या होत्या.) साहेब भडकले. मला म्हणाले, स्वतःची अक्कल अजिबात चालवणार नाही असा चॅटबॉट तू कर. हे काम माझ्याकडेच का आलं, ते मी विचारलं नाही.

पडद्यावर चित्र काढायचं होतं. प्रत्येक प्रश्नाला एक चौकोन, प्रत्येक उत्तराला एक बाण. मशीन सुरू होतं का? 'नाही'चा बाण वायरीकडे, 'हो'चा पाण्याकडे. तेच उत्तर दिलं की तीच वाट, आज काय नि पुढच्या वर्षी काय. जमलं नाही तर तक्रारी बाहेरच्या कंपनीकडे, विभाग बंद आणि मी घरी. मग काय, उठता-बसता चौकोन. बायकोने "भाजी वाढू का?" विचारलं, तर मी 'नाही'चा बाण कुठे जातो ते विचारलं. ती म्हणाली, माहेरी. (त्यानंतर घरात तो विषय मी काढला नाही.)

चिडलेला, रडवेला, मशीन दुसऱ्या कंपनीचं असून आमच्याशी भांडणारा, अशा सगळ्यांसाठी वाटा काढल्या. साहेबांसमोर चाचणीला खरा ग्राहक हवा होता, तेव्हा मी तुझं नाव दिलं. रागावू नकोस, पण नापसंत करण्यात आपल्या अख्ख्या खानदानात तुझा हात धरणारं कोणी नाही. लग्नाला गेलीस तर नवरदेवाच्या उंचीपासून हात पुसायच्या कागदापर्यंत एक गोष्ट तू धड म्हणत नाहीस. तू पार पडलीस की पुढे कोणीही येऊ दे. तुला फोनवर मी फक्त एवढंच सांगितलं, की माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तिथेच चुकलं.

तुझी तक्रार पडद्यावर आली: कपडे पिळताना मशीन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत येतं. चॅटबॉटने पाय समपातळीत करायला सांगितले, तू केले म्हणालीस, साहेब मान डोलवत होते. शेवटचा चौकोन आला, "तुमचं समाधान झालं का?" 'नाही'च्या पुढे मी ढीगभर बाण काढून ठेवले होते. आणि तू लिहिलंस, "हो. अगदी पूर्ण. उत्तम सेवा."

आत्या, 'हो'ला बाणच नव्हता. समाधान झालेला माणूस आमच्या विभागात आजवर कोणी पाहिलाच नव्हता, त्याची वाट कोण काढणार? पडदा ठप्प. तू विचारलंस, "आता काय करू?" मलाही नेमकं तेच विचारायचं होतं. साहेब त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "अडकलं, पण कुठे अडकलं ते दिसतंय तरी. आधीच्याने ह्यांना एव्हाना दोन मशीनं देऊन टाकली असती." मी तिथल्या तिथे एक चौकोन काढला, त्यात 'धन्यवाद' लिहिलं, बाण जोडला, आणि गाडं चालू झालं. विभाग राहिला, मी राहिलो. बाहेर जिन्यात बसून तांब्याभर पाणी प्यायलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आतोबांना नमस्कार सांग.

तुझा लाडका (असं तूच म्हणतेस) भाचा

ता. क. काल बाबा तुझ्याकडे येऊन गेले. म्हणाले, मशीन अजूनही चालत चालत दारापर्यंत येतं, चाचणीच्याच संध्याकाळी दाराला टेकलं आणि आतोबा बाथरूममध्ये अडकले. म्हणजे 'उत्तम सेवा' तू माझ्यासाठी लिहिलंस. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला चांगलं म्हणालीस, आणि तेही खोटं. मला भरून आलं, खरंच.

पुन्हा ता. क. पण पंचाईत अशी, की तुझी तक्रार त्या 'धन्यवाद'च्या चौकोनात जाऊन बंद झाली आहे, आणि तिथून बाहेर पडणारा बाण मी काढलेला नाही. त्यामुळे मेकॅनिक पाठवता येत नाही, मलासुद्धा. तेव्हा नव्याने तक्रार कर. शेवटी समाधानाचं विचारलं की माझा विचार मनात आणू नकोस. नोकरी आता पक्की आहे. तुझ्या जुन्या आवाजात 'नाही' म्हण.