बारा इंचांची पलटण

१२ मार्च २००५, शनिवार

आज एकाचा पाय उडवला! पाच वेळा नुसता धूर निघाला. सहाव्या वेळी जमलं.

मागच्या अंगणात कुंपणालगत वाळू ओतून इराकमधली गल्ली केली आहे. सिमेंटच्या विटा, जळक्या फळ्या, तारेचं भेंडोळं. गेल्या चार जुलैच्या, इथल्या स्वातंत्र्यदिनाचा उरलेला फटाका शिपायाच्या गुडघ्याखाली चिकटवला, वात पेटवली आणि पोटावर आडवा होऊन कॅमेऱ्याचं शटर दाबून धरलं. पाय गुडघ्यापासून सुटला तो थेट नंदाच्या तुळशीत. रक्तासाठी कॉर्न सिरप आणि खायचा लाल रंग. त्यात चिमूटभर कोको घालावाच लागतो, नाहीतर रक्त सरबतासारखं दिसतं. इंटरनेटवर असले फोटो टाकणाऱ्यांचा आमचा फोरम आहे, तिथल्या अर्ध्या लोकांना एवढं साधं कळत नाही. मी प्रत्येकाला लिहून कळवतो. लोक चिडतात. चिडू देत! चूक ती चूक.

नंदा दारात उभी होती. म्हणाली, "मुलगा तिकडे आहे आणि तुम्ही इथे बाहुल्यांचे पाय उडवताय. काही वाटतं का हो तुम्हाला?"

बाहुल्या नाहीत, फिगर्स आहेत — हे मी तिला चौदा वर्षं सांगतोय. बारा इंच उंची, तीस सांधे, मनगटसुद्धा फिरतं. आणि यश तिथे इराकमध्ये लष्करी तळावर कॉम्प्युटर विभागात आहे. त्यानंच तसं सांगितलंय, आणि इथल्या मराठी मंडळातही आम्ही तेच सांगितलंय.

१३ मार्च

तुळस धुतली. सिरपला मुंग्या लागल्या होत्या. नंदानं माझं ताट वेगळं वाढून ठेवलं.

१७ एप्रिल, रविवार

यशची मेल! मी आठ प्रश्न पाठवले होते — हेल्मेटचा पट्टा कुठून जातो, धुळीचा रंग कोणता, नाक्यावर गाड्या अडवताना कोण कुठे उभं राहतं. उत्तर दोन ओळींचं. धूळ टाल्कम पावडरसारखी असते, आणि बाबा, आय हॅव टू गो.

टाल्कम! मी मूर्खासारखी नदीकाठची वाळू वापरत होतो. दुपारी पावडरचे चार डबे आणले.

पोराची नजर पहिल्यापासून तयार आहे. एक्याण्णव साली इथे ह्यूस्टनला दिवाळीचा किल्ला केला तेव्हा मातीचे मावळे कुठून मिळणार? दुकानातून हे फूटभर उंचीचे अमेरिकन शिपाई आणले. किल्ला त्यांच्या कमरेला लागत होता! यश सात वर्षांचा. पुढे मी कॅमेरा घेतला, तेव्हा टॉर्च तो धरायचा. फुंकर मारून धूर तोच करायचा. "बाबा, हा मेलेला नीट दिसत नाही, मान वाकडी कर," असं म्हणायचा.

कॉलेजात गेल्यावर आम्हाला न विचारता मरीनच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, नाव घालून आला. "इट्स जस्ट वीकेंड्स, आई." जानेवारीत बोलावणं आलं. नंदा तेव्हा जे बोलली ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार. म्हणाली, "तुम्ही लहानपणापासून त्याच्या हातात मेलेली माणसं दिलीत."

२९ जून

चोवीस दिवसांनी मेल आली. "आय ॲम फाइन. टेल आई." बस. नव्या प्रश्नांना उत्तर नाही.

६ ऑगस्ट, शनिवार

आला! दोन हात, दोन पाय, धडधाकट. नंदानं विमानतळावरच त्याला चाचपून पाहिलं.

घरी आल्यावर कपाटातली माझी पलटण बघत उभा राहिला. एकूण त्रेचाळीस. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. वर जाऊन झोपला.

१८ सप्टेंबर, रविवार

मान निळी पडली आहे.

दुपारी सोफ्यावर झोपला होता. चहासाठी उठवायला खांद्याला हात लावला. पुढच्या क्षणी मी कार्पेटवर उताणा, त्याचा गुडघा छातीवर आणि कोपर गळ्यावर. श्वास बंद. त्याचे डोळे उघडे होते, पण मी त्याला दिसत नव्हतो. नंदा ओरडली, "यशू, अरे बाबा आहेत!" तिनं हातातलं पातेलं त्याच्या पाठीत घातलं तेव्हा त्यानं सोडलं.

"डोंट टच मी व्हेन आय ॲम स्लीपिंग." एवढंच म्हणाला. मग तासभर ड्राइव्हवेवर उन्हात बसला. मी खिडकीतून बघत राहिलो.

मी भ्यालो. स्वतःच्या मुलाला भ्यालो.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

ऑस्टिनला मुलीकडे, प्रीताकडे पोचलो. रिटा वादळ येणार म्हणून सगळं ह्यूस्टन एकाच दिवशी रस्त्यावर! अडीच तासांची वाट, काल सतरा तास लागले. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद ठेवलेला, घामानं सीट ओली. मी निघताना पलटण दोन खोक्यांत घातली आणि घराची कागदपत्रं विसरलो. नंदानं त्यावरून शंभर मैल ऐकवलं. ते ठीक.

ठीक नव्हतं ते पुढचं. मागे एक पांढरी गाडी होती. गाड्या सरकल्या की ती अगदी चिकटून यायची. यश सारखा वळून बघत होता. "टेल हिम टू बॅक ऑफ." कसं सांगू, मी गाडी चालवतोय! पुन्हा ती जवळ आली आणि हा दार उघडून खाली उतरला. हातात टायरचा पाना. पहिल्याच घावात तिची काच फुटली. दुसरा बॉनेटवर. "स्टॉप! स्टॉप द कार!" — गाडी तर थांबलेलीच होती! आत एक म्हातारा आणि मागे दोन मुलं. मुलं किंचाळत होती. ती दिसली तसा याच्या हातातून पाना गळला आणि हा रस्त्याकडेच्या गवतात जाऊन ओकला.

म्हाताऱ्याच्या कपाळातून रक्त येत होतं. मी हात जोडले. मुलगा नुकताच इराकहून आलाय, म्हटलं. तो म्हणाला, मीही एकदा असाच परत आलो होतो. पोलिसांना बोलावलं नाही त्यानं. देवमाणूस.

कॉम्प्युटर विभागात होता म्हणे! हे खोटं मी मंडळात किती जणांना सांगितलंय.

९ ऑक्टोबर, रविवार

पलटण संपली. ऑस्टिनहून परतल्यावर नुकतीच पुन्हा कपाटात लावली होती.

मी कॉम्प्युटर उघडा ठेवून अंघोळीला गेलो होतो. फोरमवर माझा नाक्याचा फोटो होता, एप्रिलमधला, त्याच्याच पावडरवाला. खाली चाळीस जणांनी वाहवा केलेली. एकानं लिहिलं होतं, इतकं खरं की बारूदीचा वास येतो.

आवाज ऐकून टॉवेलवरच बाहेर आलो. यशच्या हातात बेसबॉलची बॅट. तीन फळ्या खाली, काचांचा सडा, मुंडकी सोफ्याखाली गेलेली. तो एकेकाला जमिनीवर ठेवून ठेचत होता. ओरडत नव्हता. एकाला ठेचलं की दुसरा उचलायचा.

मी त्याच्या थोबाडीत मारली. एकवीस वर्षांत कधी हात उगारला नव्हता. तो म्हणाला, "हिट मी अगेन." मी मारली. "अगेन." पुन्हा मारली. आणि हे कबूल करतो — तिसऱ्या वेळी मला बरं वाटलं. माझ्या चौदा वर्षांच्या मेहनतीचा चुरा समोर पडला होता आणि मला त्याला मारायचंच होतं. त्याचा ओठ फुटला. कोकोची गरज नसलेलं रक्त. लाज वाटते लिहिताना.

नंदा मध्ये पडली तेव्हा थांबलो.

१० ऑक्टोबर

अकरा जण शाबूत. बाकीचे पोत्यात भरून गॅरेजमध्ये ठेवले. फेकवत नाहीत.

१ नोव्हेंबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. कोणाला बोलावलं नाही. मंडळातल्या राजेश-रुपालीचा फोन आला, मला ताप आहे म्हणून सांगितलं.

यश सैनिकांच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे जातो, तासभर गप्प बसतो आणि परत येतो. काल त्या बाईंनी फोन करून सांगितलं, तिथे काय घडलं ते एकदा त्याच्या तोंडून बाहेर यायला हवं, नाहीतर हा स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल. नंदानं त्याच्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकली. आता आम्ही दोघं आळीपाळीनं पहारा देतो. बाकी मला काही नको. पलटण गेली ती गेली. हा बोलला पाहिजे.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आज तो बोलला! म्हणजे बोलला असं नाही, पण सगळं लिहितो.

सकाळी गॅरेजमध्ये खुडबुड ऐकू आली. बघतो तर तुटक्यांना गोंद लावत बसलेला. मला बघून म्हणाला, "बाबा, डू वुई हॅव अ कार?" मी म्हटलं, जीप मोडलीस तू. मग त्यानं बुटांचं खोकं घेतलं, खिडक्या कापल्या. त्यात दोन शिपाई बसवले, एकाला नंदाच्या जुन्या साडीचा तुकडा डोक्यावरून गुंडाळला. मग म्हणाला, "आय नीड अ गर्ल."

माझ्याकडे मुलगी कुठली! नंदा वर गेली आणि प्रीताच्या कपाटातून तिची जुनी बाहुली घेऊन आली, निळ्या फ्रॉकची. यशनं ती बराच वेळ हातात धरली. मग मागच्या सीटवर खिडकीशी ठेवली.

जमिनीवर खडूनं रस्ता काढला. पावलांनी मोजून वळण काढलं. वळणाअलीकडे एकटा शिपाई, हात वर केलेला. वळणापलीकडे विटांच्या आडोशाला तिघे, मशीनगनमागे. मग खोक्याला स्क्रू-ड्रायव्हरनं भोकं पाडली. मी मोजत नव्हतो, पण थांबेचना. दारं, काच, मागची सीट. बाहुलीच्या फ्रॉकमधून आरपार. कोको घातलेलं सिरप त्यानं स्वतः केलं. त्याला प्रमाण अजून आठवतंय.

तीन तास लागले. शेवटी त्या एकट्या शिपायाला बोट लावून म्हणाला, "हा मी. जूनमध्ये." मराठीत म्हणाला. "टेक द पिक्चर, बाबा." आणि वर जाऊन झोपला.

मी कॅमेरा लावला. भिंगातून बघताना एक गोष्ट खटकली. त्या शिपायाचं मनगट वळलं होतं, पंजा स्वतःकडे. बॅटच्या तडाख्यानं सांधा ढिला झाला असणार. गाडी अडवताना पंजा समोर हवा, बोटं ताठ. मी मनगट फिरवून नीट केलं, गोंदाचा थेंब लावला आणि बावीस फोटो काढले.

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा अडवत होता! गोळ्या झाडणारे पलीकडचे तिघे. माझा मुलगा अलीकडे एकटा उभा राहून हात वर करून गाडीतल्यांना थांबवत होता, वाचवायला बघत होता, आणि ते थांबले नाहीत. एवढंच. त्याचा काय दोष यात? मी तिथेच खाली बसून रडलो.

फोटो छापून नंदाला दाखवला. ती म्हणाली, "माझा पोरगा अडवत होता हो!" तिनं तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, शिरा केला. प्रीताला फोन केला. आठ महिन्यांत प्रथमच आम्ही दोघं एका ताटात जेवलो.

यश अजून झोपलाय. शांत झोपलाय. मी दोनदा जाऊन पाहिलं.

१३ नोव्हेंबर, रविवार

यशनं देवापुढचा फोटो उचलला. "हू टर्न्ड द हँड?" म्हटलं, मी. सांधा ढिला होता, सरळ केला.

तो गॅरेजमध्ये गेला. मी मागोमाग. त्यानं गोंद तोडून मनगट होतं तसं फिरवलं, पंजा स्वतःकडे, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "खिडकीत मुलगी दिसली, बाबा. पुढच्या तिघांना रेडिओवर कळवायचं राहिलं माझं. मी गाडीतल्यांना थांबा म्हणत नव्हतो. या म्हणत होतो."