विनानोंद पडदा हलवू नये

तीर्थस्वरूप दादा यांस,

कृतानेक नमस्कार. (हे 'अनेक' रूढीने आलेले नाही. नमस्कार साडेतीन आठवड्यांचे साचलेले आहेत, तेव्हा मोजून घ्यावेत.) आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा चष्मा सापडला का? आमची मंडळी, म्हणजे आपली बहीण, चार दिवस माहेरपण करून येते म्हणून तिकडे आली त्याला आज पंचविसावा दिवस. तिला तिकडची हवा मानवली असावी. मी ठीक आहे. स्वतःच्या हातचे जेवतो, आणि त्याबद्दल कोणाकडे तक्रार करता येत नसल्याने पचनही उत्तम आहे.

पत्रास कारण की आमच्या कार्यालयात गेला महिनाभर जे घडले ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि घरात सध्या ऐकायला फक्त भिंती आहेत. आमचा विभाग आपण पाहिला आहे. तिसरा मजला, लांबट दालन, अकरा माणसे आणि पश्चिमेला ओळीने आठ खिडक्या. दुपारी दीडनंतर ऊन आत येते ते पाहुण्यासारखे नव्हे, जप्तीला आल्यासारखे. मग एसी घरघरू लागतो, मीटरचे आकडे धावू लागतात, आणि महिनाअखेरीस विजेचे बिल पाहून आमचे बडे साहेब जो सुस्कारा टाकतात, त्याने काही काळ दालन खरोखर थंड होते.

तर महिन्यापूर्वी साहेबांनी बैठकीत निर्णय ऐकवला : थंडाव्याचा खर्च झेपत नाही, सबब विभाग तळघरात हलवावा. तिथे ऊन नाही, म्हणून एसीही नको. तळघरात जुनी दप्तरे आहेत आणि दप्तरांवर आमच्या जन्माआधीपासूनची धूळ आहे. हे ऐकताच आमच्या आवक-जावक बाईंनी टेबलावरचा हात खाली घेऊन ड्रॉवरमधला दम्याचा पंप चाचपला. मागच्या वर्षी एक फाइल शोधायला त्या दहा मिनिटे तळघरात गेल्या होत्या, तर त्यांना वर आणायला दोन माणसे लागली होती. तळघर म्हणजे त्यांच्यापुरता राजीनामा, हे सगळ्यांना ठाऊक. आणि घरात मिळवत्या त्या एकट्याच.

अशा वेळी मौन बाळगावे असे आम्हांला पाठशाळेत शिकवले होते. पण मी उठलो. म्हणालो, खिडक्यांना ब्लाइंड्स लावू, म्हणजे ते आडव्या पट्ट्यांचे पडदे, दोरी ओढली की खाली येणारे. ऊन आतच आले नाही तर एसीला झगडावे कशाशी लागेल? (पुढे तेजाच्या गुणधर्मांवरही मी काही बोललो. ते कोणी ऐकले नाही.) साहेबांनी घड्याळ पाहिले आणि एक महिना दिला. युनिट एक पंचमांशाने उतरले तर विभाग वर, नाही तर खाली. महिनाअखेरीस मुख्यालयातून तपासनीस येऊन काय ते ठरवतील.

पडदे लागले, फिकट रंगाचे, छान. इथवर माझे वागणे शहाण्या माणसाचे होते. पण दादा, मी सव्वीस वर्षे नोकरी केलेला माणूस. आठ खिडक्या, आठ दोऱ्या आणि अकरा माणसे पाहून मला वाटले, याला काही शिस्त नको? कोणीही उठून दोरी ओढावी? म्हणून मी एक नोंदवही आखली. तारीख, वेळ, खिडकी क्रमांक, पट्ट्यांची स्थिती, कारण, मंजुरी, सही. पहिल्या पानावर लाल शाईने नियम : 'विनानोंद पडदा हलवू नये. हलवणाऱ्यावर कारवाई होईल.' वही दोरीने खांबाला टांगली, पेन दुसऱ्या दोरीने. शिपाईमामांना ताकीद दिली की कोणाचा हात पडद्याकडे गेला की वही पुढे करायची.

पहिल्या आठवड्यात काय झाले ते सांगतो. ऊन दीडला यायचे. ज्याच्या मानेवर यायचे तो दहा मिनिटे सोसायचा, मग उठायचा, वही भरायचा. कारण या रकान्यात काय लिहावे यावर शेजाऱ्याशी चर्चा व्हायची. मंजुरीसाठी वही माझ्याकडे यायची. मी कधी जेवायला, कधी साहेबांकडे. मंजुरी मिळून पडदा खाली येईपर्यंत तीन वाजलेले, टेबलाचा पत्रा तापलेला, आणि ऊन पुढच्या खिडकीवर सरकलेले, जिच्यासाठी नवा अर्ज. सूर्याला कार्यालयीन पद्धत ठाऊक नसते, हे मला तेव्हा कळायला हवे होते. शनिवारी वायरमनने मीटर वाचून सांगितले, एक युनिट उतरलेले नाही. बाई त्या दिवशी आपला ड्रॉवर आवरत होत्या. कागद वेगळे, स्वतःच्या वस्तू वेगळ्या. मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

दुसऱ्या शनिवारी मात्र युनिट उतरले. तिसऱ्या शनिवारी आणखी उतरले. खिडकीजवळचे दिवेही बंद राहू लागले, कारण उजेड कसा कोण जाणे छतावरून परतून टेबलांवर पडू लागला. वहीत नोंदी कमी होत गेल्या. मी समजलो, शिस्त अंगी भिनली की लेखणीची गरज उरत नाही. (हे वाक्य मी साहेबांनाही ऐकवले. आज आठवले की कान गरम होतात.)

तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीतून चष्मा विसरलो म्हणून मध्येच परतलो. दालन रिकामे. फक्त बाई, एका खिडकीकडून दुसरीकडे जात होत्या. ऊन यायला अजून अर्धा तास होता. त्या दोरी ओढायच्या, पट्ट्या जरा वर कलत्या करायच्या म्हणजे ऊन अडेल आणि उजेड छताकडे जाईल, हात पट्टीपाशी धरून पाहायच्या, आणि पुढे. खांबावरच्या वहीकडे त्यांची पाठ होती. शिपाईमामा तिथेच स्टुलावर बसून अत्यंत एकाग्रतेने भिंतीकडे बघत होते.

मला पाहून बाई थबकल्या. मग म्हणाल्या, "करा कारवाई. पण आठही पडदे पाडून झाल्यावर करा. आता ऊन येईल."

मी चष्मा घ्यायला टेबलाकडे वळलो. तो डोळ्यावरच होता.

पण दादा, खरा घोर पुढे होता. युनिट पंचमांशाहून जास्त उतरले होते, हे उत्तम. पण वहीप्रमाणे महिन्यात पडदे खाली आले अवघे नऊ वेळा. न्यायशास्त्र शिकताना धूर दिसला की अग्नी मानायचा, असे घोकले होते. इथे धूर भरपूर, आणि अग्नी नोंदीत नाही. तपासनीस म्हणणार, पडद्यांमुळे काही झाले नाही, हवा जरा निवली असेल, चला तळघरात. खरे सांगावे तर बाईंनी महिनाभर माझा लाल शाईतला नियम मोडला, त्याची कारवाईही माझ्याच अक्षरात. तिसरी वाट म्हणजे बसून मागच्या तारखांच्या नोंदी भराव्यात. सव्वीस वर्षांत जे केले नाही ते करायला मी पेन उघडलेही. बाई शेजारून जाताना हळूच म्हणाल्या, "नका. तुमचं अक्षर फार प्रामाणिक आहे, लगेच कळेल."

दुसऱ्या दिवशी अडीचला तपासनीस आले. पडदे खाली होते. उंच गृहस्थ, पूर्ण बाह्यांचा काळा कोट, बोलणे मोजके. एक बोट ओळीवर ठेवून वही वाचत गेले. शेवटी वही मिटून म्हणाले, "युनिट उतरले. पण पडदे खाली आलेच नाहीत असं तुमची वही म्हणते. मग पडद्यांनी केलं काय?"

माझ्या पाठीमागे ड्रॉवर हळूच उघडल्याचे ऐकू आले. त्यात पंप असतो हे मला ठाऊक होते.

मी म्हणालो, "वही चुकली, साहेब. पडदे बरोबर आहेत. आणि नियम चुकीचा होता, तो मी केला."

त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी आठही पडदे वर करायला लावले, बाईंची खुर्ची मागितली, खिडकीलगत बसले आणि म्हणाले, बघू. मग आम्ही अकरा जण आणि आमचे बडे साहेब मिळून एका माणसावर ऊन चढताना बघत राहिलो. आधी बुटांवर आले, मग मांडीवर, मग काळ्या बाहीवर. एसी घरघरू लागला. त्यांनी खुर्ची सरकवली, ऊन तिथेही गेले. त्यांनी वहीने कानापाशी आडोसा केला. (माझ्या वहीचा महिनाभरातला हा पहिला उपयोग.) पंचविसाव्या मिनिटाला कपाळावरून एक थेंब निघाला, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, थांबला. कोणी श्वास घेत नव्हते, आणि बाईंना तर ते परवडणारेही नव्हते.

तपासनीस उठले. वही टेबलावर आपटली, खिडकीकडे गेले आणि सरळ दोरी ओढली.

तोच शिपाईमामा, महिनाभराच्या सवयीने, वही उघडून त्यांच्यासमोर उभे. "साहेब, नोंद."

मला वाटले, संपले. बाईंनी डोळे मिटले. तपासनीसांनी मामांकडे पाहिले, पानाकडे पाहिले, मग लाल शाईतला नियम पुन्हा वाचला. पेन मागितले. कारण या रकान्यात लिहिले : ऊन. मंजुरीच्या रकान्यापाशी ते थांबले, एकदा माझ्याकडे आणि एकदा बाईंकडे पाहिले, आणि लिहिले : गरज नाही. खाली सही.

विभाग तिसऱ्या मजल्यावरच राहिला. तळघरात बदली झाली ती एकट्या वहीची. बाईंनी तिला स्वतः जावक क्रमांक टाकला, जरा जास्तच ठसठशीत अक्षरात. पडद्यांचे काम आता अधिकृतपणे त्यांच्याकडे आहे, आणि ते कुठेही लिहिलेले नाही.

अलं विस्तरेण. (हे मी नेहमी विस्तार करून झाल्यावर लिहितो.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपावे.

आपला,
पश्चिम खिडकीचा मेहुणा

ता. क. : आपण मागे मागितलेला शब्दकोश पाठवत आहे. त्यातल्या कोपरे दुमडलेल्या पानांशी माझा संबंध नाही, ती आपल्या बहिणीची आहेत.

ता. क. २ : एक गोष्ट वर सांगायची राहिली. कार्यालयात वही सुरू केली त्याच आठवड्यात मी घरीही तशीच एक आखली होती. बैठकीच्या खोलीला दोन पडदे, स्वयंपाकघराला एक. खिळ्याला टांगली. काल ती काढायला गेलो तेव्हा शेवटची नोंद वाचली. तारीख पंचवीस दिवसांपूर्वीची. कारण : ही वही. स्थिती : माहेरी. मंजुरी : माझी मीच. परत येण्याची वेळ तिने लिहिलेली नाही. त्यासाठी मी रकानाच ठेवला नव्हता.

ता. क. ३ : हे पत्र तिला वाचून दाखवू नये, ती ऐकणार नाही. टेबलावर उघडे ठेवावे, आणि गुडघा कसाही असला तरी तासभर फिरायला जावे. येते म्हणाली तर कधी ते विचारू नये. खिळाही मी उपटला आहे.