फोडलेला चुनखडक

शनिवार, संध्याकाळ. शहापूर

चार दिवस या वहीत लिहिलं नाही, माफी असावी. मनच लागेना. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असलेल्या नातीनं अभ्यासाला आणलेला चुनखडक मी हातोडीनं फोडला. उद्यमबागेत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत जन्म गेला. ओतीव नगाची शंका आली की फोडून बघायचं, आत भोकं दिसली की भंगार.

"आप्पा, ती भोकंच मोजायची हुती! लई वर्षांमागं समुद्र उबदार हुता, पाण्यातला चुना शिंपल्यांत साठला. मग समुद्र हटला, पावसानं चुना विरघळून भोकं पडली. त्यातच तेल ऱ्हातंय."

"आमच्यात असल्याला भंगार म्हणत्यात गं," मी हसलो. कशाला हसलो?

ती तुकडे गोळा करून न जेवता गेली. अजून फोन नाही. विहिरीवर पोचली असेल ना? पोरी, रागाव, पण पोचलीस एवढं तरी लवकर कळव.