फळीजवळचं पाणी

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींचं पत्र आलं. तुझा गुडघा जागचा हलत नाही, पण जीभ पूर्वीसारखीच चालते असं लिहिलंय. वाचून जिवाला बरं वाटलं. आईचे डोळे कसे आहेत ते मात्र त्यांनी लिहिलंच नाही. तू लिही.

इकडे मी पाण्यात बुडालोय. म्हणजे कामाच्या! तलावावर लोकांचे फोटो काढून विकणारा तो फोटोवाला आठवतो का? त्याच्या नातवाने आजोबांची सगळी पेटी आमच्या प्रदर्शनाला देऊन टाकली. प्रदर्शन भरवणाऱ्या आमच्या बाईंना एक अख्खी भिंत पोहण्याच्या आणि सहलींच्या फोटोंनी भरायची आहे. लोकरीचे पोशाख घालून कुडकुडणारे बाप्ये, रबरी टोप्यांतल्या बायका, होडीत उभं राहून ऐट मारणारा एक गृहस्थ आणि पुढच्याच फोटोत पाण्यात पडलेला तोच गृहस्थ. बुरशीने निम्म्या निगेटिव्ह खाल्ल्यात. एकेक धुवायची, वाळवायची, भिंगाखाली धरून साफ करायची, की दिवस संपला.

आता मुख्य बातमी. बसली आहेस ना? त्या पेटीत आपण सापडलो! उडी मारायच्या लाकडी फळीवर बाबा उभे आहेत, पाण्याकडे पाठ, छाती पुढे, पोट आत घेतलेलं. काठावर छत्रीखाली आई, आणि तिच्या मांडीवर एक गाठोडं, म्हणजे मी. आणि पायरीवर पायाला फडकं बांधून, तोंडाचा चंबू करून बसलेली तू. काय तो रुसवा, अक्का! भिंतभर मोठा करणार आहे मी तो.

नेहमी मी कुठल्याही निगेटिव्हला हात लावण्याआधी एक कच्ची प्रिंट काढून ठेवतो. पण घरचीच माणसं दिसल्यावर कुठला धीर? लगेच कामाला बसलो. फळीजवळच्या पाण्यावर बुरशीचा एक फांद्या फुटलेला डाग होता, तो सुरीने इतका अलगद खरवडला की कुणाच्या बापाला कळणार नाही. बाई तर बघतच राहिल्या.

आपली बहीण बेडकी मात्र कुठे नाही. भिंग घेऊन काठ न् काठ धुंडाळला. वाटलं होतं, निदान एकदा तरी तिचा चेहरा बघायला मिळेल. आपल्या घरात तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही, फोटो कुठला असणार?

आईला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो रुसव्यात आटू देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू


९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला आता अक्षर लागत नाही. माणूस समोर आला तर ओळखते, मोठं काही असेल तर दिसतं. पण डॉक्टर म्हणतात, तेही फार दिवस नाही.

माझ्या पायाच्या फडक्यापर्यंत वाचत आले आणि तिने मला थांबवलं. परत वाच म्हणाली. परत वाचलं. मग तिच्या तोंडून बेडकीचं नाव आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या पायात शिंपला घुसला तो त्याच दिवशी. ते फडकं मी त्या एकाच दिवशी बांधलं होतं. हा फोटो त्याच दिवसाचा आहे. बेडकी गेली त्या दिवसाचा.

तू मांडीवर होतास, तुला हे कुणी सांगितलं नाही. आईचा एक नियम होता. पाण्यात बुडी मारली की वर येताना आधी हात बाहेर काढायचा, मग डोकं. हात दिसला की काठावर आईचा जीव भांड्यात पडायचा. त्या दिवशी फळीजवळ बेडकीचा हात वर आलेला तिने पाहिला, म्हणूनच तिने तुला पाजायला मान खाली घातली, असं आई म्हणते. मान वर केली तेव्हा पाणी शांत होतं. बाबा म्हणाले, हात आलाच नव्हता, तुझं लक्षच नव्हतं. हे त्यांनी एकदाच म्हटलं आणि आई त्यांच्याशी एकदाच भांडली. पुढे एका घरात, एका ताटाशी बसून दोघांनी जन्म काढला, पण ते वाक्य कुणी मागे घेतलं नाही. मी काय सांगणार? मी पाण्याकडे पाठ करून रुसून बसले होते.

आई म्हणते, बाबांच्या मागे, फळीच्या डाव्या अंगाला नीट बघ. हात असेल. तिला स्वतः येऊन बघायचंय. ती चार घास जास्त जेवायला लागली आहे रे, प्रवासाला अंगात बळ हवं म्हणून. लवकर कळव.

तुझी,
अक्का


१४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू? तो बुरशीचा डाग नव्हता.

फळीच्या डाव्या अंगालाच होता तो. निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं, म्हणून भिंगाखाली तो काळा ठिपका दिसला, आणि त्याला बारीक बारीक फांद्या. बुरशीला अशाच फांद्या फुटतात. सबंध पट्टीवर होत्या. मी विचारही केला नाही. मी ती बोटं खरवडली, अक्का. इतक्या वर्षांनी आपल्या बहिणीचा हात पाण्याबाहेर आला आणि तो मीच परत बुडवला.

तुझं पत्र आल्यापासून मी ती निगेटिव्ह उजेडाला धरून बसतो. तिथे आता काहीच नाही. कच्ची प्रिंट नाही, दुसरी निगेटिव्ह नाही. पेटी तीनदा उपसली. खरवडलेली भुकटी मी फुंकर मारून उडवली होती. या हातांनी मी परक्यांच्या मेलेल्या माणसांना नाकडोळे परत दिले, आणि आपल्या घरचं एवढंसं उरलेलं होतं ते राखता आलं नाही. मला स्वतःची किळस येते.

एक विचारतो, रागावू नकोस. प्रिंटवर ब्रशने मी हात काढू शकतो. असा काढीन की बाईंनाही ओळखता येणार नाही. आईला तेवढं बघून जाऊ दे. काढू का?

तुझा करंटा,
ढब्बू


१८ फेब्रुवारी

ढब्बू,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही, पण तरी आहेत.

तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं. आधी तुझा इतका राग आला की कागद चुरगळून टाकला. मग परत सरळ केला. तुझा तरी काय दोष? तुला तिचा हात कसा असतो ते ठाऊकच नव्हतं.

पण हात काढायचा नाही. अजिबात नाही. तू काढलेला हात बघून आई खूश झाली, तर तिला जन्मभर जो खरा हात दिसला, त्याची किंमत तुझ्या ब्रशाएवढीच राहिली. आणि कधी कळलं तर बाबाच खरे ठरतील. तू तिला समोर बसवून खरं ते सांग. हात होता, मी डोळ्यांनी पाहिला, आणि मी खरवडला. एवढं सांगितलंस की पुरे. तिला तेवढंच हवंय, हात होता एवढं. फोटोपेक्षा तुझा शब्द काय कमी आहे?

मी तिला काही बोललेले नाही. ते तुझ्याच तोंडून येऊ दे. गुडघ्यामुळे मला येता येत नाही, तुझे भावोजी तिला घेऊन येतील. तिने ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलंय. जिने सांभाळून उतरव, आणि स्वतःलाही सांभाळ.

अक्का


२७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली असेल. तिने तुला काय सांगितलं माहीत नाही, म्हणून मी लिहितो.

हॉल उघडायच्या आधीच मी तिला आत नेलं. भावोजी बाहेर बाकावर बसले. फोटो भिंतभर आहे, त्यामुळे तिला बरंच दिसलं. आधी तुला ओळखलं आणि चक्क हसली. मग बाबांना. मग जवळ गेली, इतकी जवळ की नाक टेकेल, आणि फळीच्या डाव्या बाजूला पाण्यावरून बोट फिरवत राहिली. मी तिथेच सांगितलं. तू लिहिलं होतंस तस्संच. हात होता आई, बोटं पसरलेली होती, मी बुरशी समजून खरवडली. सांगताना मला रडू फुटलं.

तिने पदराने माझं तोंड पुसलं. म्हणाली, तू लहानपणापासून असाच, कुणाचं दुःख बघवत नाही तुला. म्हणाली, एवढं मोठं खोटं माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस रे बाळा.

अक्का, मी शपथा घेतल्या. सुरी आणून दाखवली, निगेटिव्ह दाखवली. तिला निगेटिव्हमध्ये काय दिसणार? ती नुसती मान हलवत राहिली. मी जितकं बोलत गेलो तितकी ती मलाच समजावत गेली. मग तिने फळीवर उभ्या असलेल्या बाबांकडे वर बघितलं आणि त्यांना म्हणाली, तुमचंच खरं होतं. माझं लक्ष नव्हतं.

एवढं बोलून तिने खुर्ची मागितली आणि बसली. लोक यायला लागले तरी बसून होती. येणारा प्रत्येक जण त्या फोटोपाशी थांबत होता आणि पाण्याचं कौतुक करत होता, किती नितळ आलंय म्हणून. बाई सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या की हे यांचं काम.

जाताना आईनेही तेच म्हटलं. पाणी फार स्वच्छ काढलंयस. मग म्हणाली, याची एक प्रत मला घरी लावायला दे, माझ्या खाटेसमोर.

प्रत काढून वाळत घातली आहे. उद्या टपालात टाकतो. तू तिला माझ्या बाजूने सांगून बघशील का? तुझं कदाचित ऐकेल. नाहीच ऐकलं, तर निदान ती खाट तरी दुसऱ्या भिंतीकडे फिरव.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने लिहू? तरी ठेव.

तुझा,
ढब्बू