चौथ्या बाजूची किनार

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी समोर बसून दोन वाक्यं बोलून बघावीत. मोतीबिंदू काढल्यापासून नजर स्वच्छ आहे, कान तर कधी बिघडलेच नव्हते. कोणी माझा हात धरून हे लिहून घेतलेलं नाही, आणि तशी हिंमत करणारा अजून जन्माला यायचाय. मी जायच्या तयारीतही नाही. "आई, पुढचं काय ठरवलंयस?" हे दर फोनवर ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकते आणि हातातल्या कामाला लागते.

यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम १. राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याकडची गॅलरी, माझ्या मुलाला आणि मुलीला समसमान मिळावं. विकायचं की ठेवायचं हे दोघांनी ठरवावं, पण एका खोलीत बसून ठरवावं, फोनवर नाही. फोनवर माणसं "बरं" म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं ते मी नोकरीभर ऐकलेलं आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते, मला पोहोचवण्याचा खर्च वजा जाता, वरीलप्रमाणेच.

कलम ३. माझे पती बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांचे पाने, पक्कड, हातोड्या आणि लोखंडी पेटी मुलाला द्यावी. त्याला पाना कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही, हे मला माहीत आहे. तरी त्याने बाथरूमचा गळका नळ एकदा तरी स्वतः दुरुस्त करावा. घर ओलं झालं तरी चालेल, प्लंबरला बोलावू नये.

कलम ४. दिवाणाच्या कप्प्यात ठेवलेलं लोकरीचं पांघरूण, क्रोशाच्या चौकोनांचं. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात पांघरुणाला एवढी जागा देत नाहीत." मी म्हटलं, "घराला भिंती आहेत, ते स्वतःला सांभाळेल. तुम्ही लिहा." त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणून हे कलम आणि पुढची कलमं माझ्याच अक्षरात आहेत.

यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. दवाखान्यातून व्यायामाच्या बाई यायच्या. त्यांनी उजव्या हाताने दाबायला रबरी चेंडू दिला. यांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. मी शेजारी विणत बसले होते. हे म्हणाले, "दे इकडे." शब्दही तेव्हा चाचपडत यायचे. मी म्हटलं, "अहो, नाजूक काम आहे हे." तर म्हणाले, "इंजिन काय दगडाचं असतं?" आणि त्या लुळ्या हाताच्या बोटांत मी सुई अडकवून दिली.

पहिला चौकोन व्हायला किती दिवस लागले ते मी मोजले नाहीत. त्याची घरं एवढी सैल की माझं बोट आरपार जायचं. एका कोपऱ्यातली साखळी घ्यायची राहिली, म्हणून त्याला तीन कोपरे आणि एक टेंगूळ. पिवळा रंग आवडला म्हणून तो दोनदा घेतला. मग हातात उंच धरून विचारलं, "झाला?" मी म्हटलं, "झाला." त्या दिवशी हे झटक्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

पुढचे चौकोन हळूहळू आवळत गेले. शेवटचे तर पट्टी लावून बघावेत असे. मी सांगितलं, "मोठे-लहान मिसळून जोडा, म्हणजे सरळ बसेल." ऐकतील तर ना! ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने जोडले. त्यामुळे पांघरूण एका टोकाला ऐसपैस आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झालं आहे. किनारीसाठी गडद निळी लोकर स्वतः निवडून आणवली आणि म्हणाले, "चौकोन माझे, किनार तुझी." किनार सुरू व्हायच्या आत गेले.

कलम ५. नणंदबाईंचा आमच्या आरशाच्या कपाटावर फार वर्षांपासून डोळा आहे. ते त्यांना द्यावं. भाऊ विणतोय हे बघून त्या भर खोलीत म्हणाल्या होत्या, "काय गं, माझ्या भावाला बायकी कामाला लावलंस?" यांनी हातातला चौकोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सुई पुढे केली. त्यांना साखळीसुद्धा जमली नाही. मला ते हसू अजून पुरतं. कपाट मात्र त्यांनी स्वतः हमाल आणून न्यावं. जिना अरुंद आहे.

कलम ६. आता मुलगी. ती नकाशे काढते, इमारतींचे. भिंतीवरचा फोटो केसभर तिरका असला तरी तिच्या जिवाला स्वस्थता नसते. लहानपणापासून अशीच.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मुलाकडे राहिले होते. घराची किल्ली तिच्याकडे होती. मी परत आले तेव्हा पांघरूण घडी घालून पलंगावर ठेवलेलं. डोळ्यावर पट्टी होती, पण बोटांना आधी कळलं. कोपऱ्यातला पहिला चौकोन चार कोपऱ्यांचा लागत होता.

"हा कोणी केला?"

"मी, आई. बाबांचा तो बिघडलेला होता ना, उसवला आणि नीट केला. लोकर किटलीच्या वाफेवर धरून सरळ केली आधी. बघ, आता कळतही नाही."

"बिघडलेला नव्हता," मी म्हटलं. "तेवढाच झाला होता."

"अगं, पण तुला आवडेल म्हणून..."

"किल्ली टेबलावर ठेव."

तिने ठेवली. तिने तो चौकोन वाईट हेतूने उसवला नाही हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळूनही मला तिचं तोंड बघवेना. वाफेने लोकरीतल्या यांच्या हाताच्या वळ्यासुद्धा गेल्या. तेव्हापासून ती फोन करते, मी "बरी आहे" म्हणते आणि ठेवून देते. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईने हे करावं, असो. त्याच रागात मागचं मृत्युपत्र केलं आणि पांघरूण सुनेच्या नावे लिहिलं, कारण सुनेला विणता येत नाही, म्हणजे तिच्याकडून उसवण्याची भीती नाही.

मग मी किनार घ्यायला बसले. डोळ्यांना ताण नको असं डॉक्टर म्हणाले, त्यांना म्हटलं, ताण डोळ्यांना नाही, तो दुसरीकडे आहे. सकाळी खिडकीपाशी उजेड चांगला येतो, तेवढ्या वेळात बसते. पहिली फेरी मुक्या खांबांची, म्हणजे बुटक्या, घट्ट टाक्यांची. यात खरी गोम आहे. सैल कडेवर टाके जास्त पडले तर झालर उठते, कमी पडले तर सगळं आत ओढलं जातं. टाके गाळत गेलं तर यांचं रुंद टोकही ओढून सरळ करता येतं, कोणाला कळणारही नाही. मी तसं केलेलं नाही. कड जेवढे टाके मागते तेवढेच दिले. जिथे पसरट आहे तिथे पसरट राहील.

अरुंद टोक झालं, दोन्ही लांब बाजू झाल्या. तिसऱ्या बाजूच्या शेवटी मुलीच्या चौकोनापाशी आले आणि कड नीट धरायला म्हणून पांघरूण पालथं केलं. मागे काहीतरी बोटांना लागलं. बघते तर लोकरीची बारीकशी गुंडी, टाके घालून घट्ट बसवलेली. सैल विणीला लोकर जास्त लागते. घट्ट विणल्यावर ती उरली होती. कोणीही कापून टाकली असती. टोकं बेमालूम लपवल्याशिवाय जिला झोप येत नाही त्या माझ्या मुलीने बाबांची लोकर कापली नव्हती, मागे तसंच टेंगूळ ठेवून दिलं होतं. आणि उलटून बघितलं तर पिवळा रंग तिनेही दोनदाच घेतला होता. मी सुई खाली ठेवली आणि बराच वेळ रडले. हे इथे लिहायची गरज नाही असं वकीलसाहेब म्हणतील. गरज आहे.

तेव्हा, पांघरूण मुलीचं. एकटीचं. सुनेला माझं शिवणयंत्र द्यावं. तिने राग मानू नये, ती मानणारही नाही.

अटी अशा. पांघरूण कपाटात जपून ठेवू नये, रोज वापरावं. माझ्यावर घालून मला नेऊ नये. मला थंडी वाजणार नाही, तुम्हाला वाजेल. यांचे सैल चौकोन कोणीही, कितीही प्रेमाने, सरळ करू नयेत.

चौथ्या बाजूची किनार, म्हणजे रुंद टोकाची, मी घेणार नाही. ती मुलीने घ्यायची आहे. हे कलम माझ्या मृत्यूनंतर लागू होणारं नाही. मृत्युपत्राची प्रत आजच दोन्ही मुलांना पाठवीत आहे, आणि मुलीच्या हातात ती पडल्याबरोबर हे कलम लागू होईल. तिने यावं. सुई मी देईन. बाबांसारखं सैल विणायचं सोंग आणू नये, जमणार नाही. स्वतःच्या हाताने विणावं. उशीर करू नये, मी शहात्तर वर्षांची आहे.

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले (सही). २. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई (सही). चेंडूचं त्यांनी कधीच मनावर घेतलं नाही.
लिहून ठेवणार: सही.
स्थळ: राहतं घर, पुढची खोली, खिडकीजवळ. दिनांक: पाच, मंगळवार.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून, त्याच साक्षीदारांसमोर, खालील बदल करीत आहे.

मुलगी नऊ तारखेला, शनिवारी आली. दारातच म्हणाली, "आई, माझा चौकोन काढून टाकू का?" मी म्हटलं, "हात लावून बघ त्याला!" मग ती बसली. पहिला दिवस टाके मोजण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "इथे टाके गाळू? सरळ येईल." मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नको. राहू दे." तरी हात कोणाचा ऐकतो? एकेक खांब आखून काढल्यासारखा. काल किनार पुरी झाली. कलम सहामधली चौथ्या बाजूची अट काम झाल्यामुळे रद्द करीत आहे.

चौथी बाजू सगळ्यांत रुंद असूनही सगळ्यांत सरळ दिसते. माझ्या तीन बाजू कुठे ताठ, कुठे ढिल्या, तिच्या शेजारी शोभत नाहीत. मुलगी म्हणाली, "आई, वेगळी दिसते गं. उसवून पुन्हा घेते, तुझ्यासारखी."

ती बाजू कोणीही उसवू नये. तिने तर नाहीच नाही.

साक्षीदार: वरीलप्रमाणे दोघे (सह्या).
लिहून ठेवणार: सही.
स्थळ: तेच. दिनांक: सतरा, रविवार.