चेष्टेवर चिडलेला माणूस

बामाको,
शुक्रवार, १४ मार्च १९८६

प्रिय नान्युमा,

तू बरी असशील, मुलं बरी असतील, आई बरी असेल, शेळी व्यायली असेल तर तीही बरी असो. मी बरा आहे. अक्षर जरा वाकडंतिकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पत्र सिराच्या हाती देतोय, ती उद्याच्या गाडीने सुकी मासळी घेऊन कीताला येईल. तूच वाच. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेऊ नकोस, त्यांना आपल्या घरात काय चाललंय याची फार उत्सुकता असते.

सिराने तुझा निरोप दिला. सेरिबाचा खोकला कसा आहे, सेरिबा उघड्यावर तर निजत नाही ना, सेरिबाला कोमट पाणी प्यायला सांग. आणि शेवटी, ती गाडीत चढताना, 'ह्यांनाही सांग, जपून राहा म्हणावं.' मी काही म्हणत नाही. खोकला गेलाय. तुझ्या दिराला काही होत नाही, त्याला जे व्हायचं असतं ते दुसऱ्याच कुणाला तरी होतं.

धंदा चांगला चाललाय. लग्नसराई आहे. पण आम्ही दोघं असलो तरी लोकांना एकटा तोच दिसतो. मी ओट्यावर बसून न्गोनीच्या तारा जुळवेपर्यंत तो समोरच्याचं आडनाव विचारून त्याच्या खापरपणजोबाच्या लढाईवर पोचलेला असतो. मग माणसं रडतात, बायका अंगावरची ओढणी काढून त्याच्या खांद्यावर टाकतात. कापडबाजारातल्या एका बाईने गेल्या आठवड्यात विचारलं, "गाणारे, तुमच्याबरोबरचा तो मुका आहे का?" सेरिबा म्हणाला, "मुका नाही हो, माझा मावसभाऊ आहे. थोरला. त्याची बायको मी त्याच्याकडे सांभाळायला ठेवलीय." सगळा बाजार हसला.

हे तो चहाच्या प्रत्येक अड्ड्यावर सांगतो. धाकट्या भावाचा हक्कच आहे तो, आपल्यात त्यावर कुणी चिडत नाही. मीही हसतो. सगळ्यांच्या आधी हसतो. पण परातीभोवती जेवायला बसल्यावर मटणाचा मोठा तुकडा तुझी बोटं कुणाच्या बाजूला सरकवतात, ते मला दिसतं बरं का. इतकी वर्षं दिसतंय.

असो. सोमवारी तो कीताला येतोय. येऊन तो तुला रविवारची गोष्ट सांगेल, हातवारे करून, मध्ये मध्ये गाऊन. म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

इथे आल्या आल्या मंडईच्या तोंडाशी एका शिपायाने आम्हाला अडवलं होतं. कागद दाखवा म्हणाला. कागद घरी. मी गयावया करायच्या तयारीत, तर सेरिबाने त्याच्या खिशावर शिवलेलं नाव वाचलं आणि म्हणाला, "दियारा! अरे चवळीखाऊ, तुझ्यासारख्याला गणवेश दिला कुणी? पोट मावलं कसं त्यात?" शिपाई मात्र खुलला. "चवळीखाऊ तू! तुझा आजा चवळीच्या पोत्यात जन्मला, नाळ कापायला कोंबडी बोलावली होती! पळा इथून, दोघंही." आडनावांची ही थट्टा आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळते, तुला काय सांगायचं. पण ऐन वेळेला ती त्याला सुचते, मला सुचत नाही. त्या दिवशी तो बाजारभर मिरवला.

रविवारी आम्ही नदीपलीकडचं लग्न आटोपून निघालो. ऊन उतरलं होतं. रस्त्यावर दोन पिंपांना दोरी बांधून दोघं उभे. एक साध्या कपड्यांत, एक गणवेशात, खिशावर नाव 'कुलिबाली'. बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या टोपल्या उपसून हवं ते बाजूला काढत होते. सेरिबाला राहवतंय कुठे!

"काय रे कुलिबाली, दोरी बांधून बसलास? चवळीचं शेत राखतोस की काय?"

बायका खळखळून हसल्या. तो माणूस हसला नाही. "कुणाला बोलतोस रे?" म्हणत त्याने सेरिबाच्या थोबाडीत दिली.

मडकी विकणारी एक म्हातारी पुटपुटली, "अगो बाई, कुलिबाली असून चवळीवरून चिडला?"

मला त्याच क्षणी कळलं. सगळ्यांनाच कळलं. कुलिबालीचं तान्हं पोरसुद्धा उलट शिवी देईल, चिडणार नाही. गणवेश दुसऱ्याचा होता आणि आतला माणूस इकडचा नव्हताच. शहाण्याने अशा वेळी खाली मान घालून टोपली उचलावी आणि चालू लागावं. तुझा दीर गाल चोळत, भर सभेत बोलावं तसा बोलला, "मावशी, हा कुलिबाली नाहीच! काय रे, हा सदरा कुणाच्या अंगावरून काढलास?"

त्या गणवेशवाल्याने पट्ट्यातून सुरा काढला. सेरिबा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. सुरा त्याच्या गळ्याकडे आला.

मला लिहायला आवडलं असतं की मी विचार केला. भाऊ आहे, तू आहेस, त्याची आई म्हणजे माझी मावशी आहे. काही विचार केला नाही. मी सुऱ्याचं पातं धरलं. उजव्या हाताने.

मग म्हातारीने मडकं त्याच्या डोक्यात घातलं, बाकीच्या बायकांनी चपला काढल्या. साध्या कपड्यांतला पळाला, गणवेशातल्याला खऱ्या पोलिसांनी उचलून नेलं. न्गोनीला ओरखडाही नाही. माझा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र आता वाकणार नाही. डॉक्टरने दोनदा तपासलं. मी डाव्या हाताने लिहितोय, नान्युमा.

रडू नकोस. आणखी ऐक.

सेरिबा इथे दवाखान्यात माझ्या खाटेपाशीच असतो. मला भरवतो. आणि गातो. आपण दुसऱ्यांची नावं गाणारी माणसं, आपलं नाव कोण गाणार? तर हा गातो. सोमानो घराणं, माझा बाप, माझा आजा, 'ज्याने लोखंड मुठीत धरलं तो ब्रेहिमा'. अख्खा वॉर्ड उठून बसतो. नर्सबाई माझी पट्टी बदलायला येतात आणि पट्टी सोडून त्याच्याकडे बघत राहतात. माझ्या हाताच्या गाण्यातसुद्धा टाळ्या त्यालाच. मला किती राग येतो, तुला सांगता येणार नाही.

काल त्याने पुन्हा तीच थट्टा केली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना म्हणाला, "याची बायको खरं तर माझी." आजोबा हसले. मी हसलो नाही. "पुरे कर," म्हणून ओरडलो. तो इतका दचकला की हातातली वाटी सांडली. नंतर रात्रभर माझ्या मनात एकच होतं. चवळीवरून चिडला तो खोटा कुलिबाली, हे मला तिथे एका क्षणात कळलं. मग या थट्टेवर चिडणारा मी कसला खरा भाऊ?

आज सकाळी तो माझ्याशी थट्टा न करता बोलला. पहिल्यांदाच. खाली बघत म्हणाला, "दादा, तू आता वाजवणार नाहीस. घर चालायला हवं. वहिनीचा आवाज कीतात कोंडून पडलाय. तू हो म्हणालास तर ती नि मी इथे गाऊ. कमाई सगळी तुझ्या घरी. तू नाही म्हणालास तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही." शपथ घेतली. मावशीची.

त्याचं खोटं असतं तर बरं झालं असतं. मला त्याला हाकलता आलं असतं. पण तो खरं बोलतोय, आणि तू त्याच्याबरोबर गायलीस तर लोक वेडे होतील, हे मला तुम्हा दोघांपेक्षा जास्त माहीत आहे. लग्नाआधी तुमच्या अंगणात तुम्ही दोघं गात होता तेव्हा वाजवायला मीच होतो.

मी त्याला म्हणालो, नान्युमाला विचारतो. हे विचारणं. हो म्हणालीस तर माझा जळफळाट होईल, नाही म्हणालीस तर तू माझ्यावर दया केलीस म्हणून जळफळाट होईल. तेव्हा माझा विचार करू नकोस. तुझ्या गळ्याचा कर. मुलांना मी सांभाळेन, एका हाताने जमतं ते सगळं करेन. तुमच्यामागे बसून कोण वाजवतो, तेवढं मात्र मला कळवू नका.

सेरिबा सोमवारी पोचेल. त्याला पोटभर जेवू घाल. मटणाचा तुकडा त्याच्याकडे सरकवलास तरी चालेल. पण तुझं उत्तर त्याच्या तोंडी देऊ नकोस. तो ते मला गाऊन सांगेल, आणि मला ते आवडेल.

तुझाच, चेष्टा न करता तुझा,
ब्रेहिमा